धारावी बेटावरची परतफेरी

मुंबईच्या उपनगरांत राहणाऱ्या कोणालाही 'तुम्ही बेटावर राहता का?' असे विचारले, तर तो हसेल. बेट म्हणजे चारी बाजूंना पाणी, मध्ये नारळीची झाडे आणि किनाऱ्याला लागलेली होडी, असे चित्र आपल्या मनात असते. अंधेरीला, घाटकोपरला किंवा मुलुंडला यांतले काही दिसत नाही. पण वाचकहो, आपण सारे बेटकरीच आहोत. पूर्वेला ठाण्याची खाडी, उत्तरेला वसईची खाडी, दक्षिणेला माहीमची खाडी आणि पश्चिमेला अरबी समुद्र, यांच्यामधला आपला हा भूभाग म्हणजे साष्टी बेट. सहासष्ट गावांचे बेट म्हणून साष्टी, अशी या नावाची उपपत्ती सांगतात. गोव्यातही एक साष्टी आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांनी आपले ख्रिस्तपुराण त्या साष्टीत रचले आणि ते १६१६ साली छापले गेले. आपली साष्टी ती नव्हे. परंतु दोन्ही साष्टींच्या ख्रिस्ती माणसांनी देवाची स्तुती मराठमोळ्या शब्दांत केली, हे नाते मात्र खरे.

आपण बेटावर राहतो याचा विसर पडण्याचे कारण म्हणजे पूल. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी शीवचा बांध झाला, १८४५ साली माहीमचा झाला. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्यापर्यंत आगगाडी धावली आणि पुढच्याच वर्षी ती खाडी ओलांडून कल्याणला पोहोचली. पाणी तेथेच राहिले; माणसे मात्र पाण्यावरून अशी जाऊ लागली की खिडकीबाहेर पाहण्याचीही गरज उरली नाही.

या साष्टीच्या पश्चिम कडेला आणखी एक लहान बेट आहे. त्याचे जुने नाव धारावी बेट. धारावी म्हटले की लोकांना माहीम-शीव यांच्यामधली दाट वस्ती आठवते. पण जुन्या कागदपत्रांतली ही धारावी वेगळी. मनोरी, गोराई, कुळवे, उत्तन, पाली, चौक, डोंगरी, तारोडी ही तिची गावे. आज त्या बेटाचे दोन तुकडे झाले आहेत. गोराई आणि मनोरी मुंबई उपनगर जिल्ह्यात येतात, तर उत्तन, डोंगरी ही गावे ठाणे जिल्ह्यात, मिरा-भाईंदर महानगरपालिकेत. भाईंदरकडून रस्ता असल्यामुळे ते आता काटेकोर अर्थाने बेटही राहिलेले नाही. तरीही बोरिवलीहून किंवा मालाडच्या मार्वेहून तेथे जायचे, तर आजही होडीत बसावे लागते.

या बेटावर आम्ही गेलो ते इतिहास शोधायला नव्हे. आम्ही गेलो लोंब्या आणायला.

लोंब्यांचे निमित्त

ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी आपल्याकडे आगेरा असतो. नव्या भाताच्या लोंब्या वाजतगाजत मंदिरात आणायच्या, त्यांवर आशीर्वाद मागायचा आणि मग नवे धान्य घरात घ्यायचे, हा आपल्या पूर्वजांचा शिरस्ता. लॅटिन भाषेतल्या 'शेत' या अर्थाच्या शब्दाशी आगेऱ्याचे नाते जोडले जाते. आमच्या धर्मग्रामात नाते उरले आहे ते शब्दापुरतेच, कारण शेत उरलेले नाही. जेथे खळे होते तेथे आज वाहनतळ आहे. म्हणून आगेऱ्याच्या लोंब्या दरवर्षी कोणीतरी बाहेरून आणतो आणि त्या कोठून आल्या याची विचारपूस फारसे कोणी करीत नाही.

यंदा आमच्या धर्मग्रामातील एका निवृत्त शिक्षक दांपत्याने हे काम मागून घेतले. दोघांचीही पंचाहत्तरी उलटली आहे. सारे त्यांना मास्तर आणि बाई म्हणतात. येथेही आम्ही तेवढेच म्हणू. १९७०च्या सुमारास लग्न झाल्यावर ही दोघे मनोरीला बिऱ्हाड करून राहिली, मुलांना शिकवू लागली आणि तेरा वर्षांनी बदली झाल्यावर खाडीच्या अलीकडे आली. त्यानंतर मास्तर दोनतीनदा लग्नकार्यांसाठी बेटावर जाऊन आले. बाई मात्र चाळीस वर्षांत एकदाही गेल्या नव्हत्या. त्यांच्या घराच्या गच्चीवरून खाडी दिसते, हे सांगायला हवे.

"फादर, या वर्षी लोंब्या आम्ही आणतो," बाई म्हणाल्या, "पण तुम्हीही चला." आम्ही हो म्हटले.

गोराई: तीन राजांचे गाव

आगेऱ्याआधीच्या शुक्रवारी सकाळी आम्ही तिघे बोरिवलीच्या गोराई धक्क्यावर होडीत बसलो. भरती होती. दोन्ही काठांची तिवरे कमरेपर्यंत पाण्यात होती आणि पलीकडे विपश्यना पॅगोडाचा सोनेरी कळस उन्हात चमकत होता. ८ फेब्रुवारी २००९ रोजी राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांच्या हस्ते त्याचे उद्‌घाटन झाले. त्याच्या शेजारचे करमणुकीचे उद्यान १९८९ साली सुरू झाले होते आणि त्यातल्या पाळण्यांसाठी उपनगरांतली लाखो मुले ही खाडी ओलांडून आली. २०२२ साली ते बंद झाले. मास्तर म्हणाले, "आमच्या वेळी या बाजूला मिठागरे आणि चिखल, एवढंच होतं."

गोराईचे चर्च तीन राजांना वाहिलेले आहे. पूर्वेकडून तारा पाहत आलेले ते तीन ज्ञानी पुरुष बेथलेहेमचे दर्शन घेऊन दुसऱ्या वाटेने आपल्या देशी परतले, हे आपण दर जानेवारीत ऐकतो. योगायोग असा की आमचाही बेत तोच होता: गोराईने जायचे, मनोरीने परतायचे.

येथे थोडे मागे जायला हवे. गुजरातच्या सुलतान बहादूरशहाने डिसेंबर १५३४ मध्ये वसई आणि तिच्याबरोबर साष्टी व आसपासची बेटे पोर्तुगीजांना दिली. पाठोपाठ फ्रान्सिस्कन संघाचे आणि मग येशूसंघाचे धर्मगुरू आले. फ्रान्सिस्कन फादर आंतोनियो दो पोर्तो यांनी बोरिवलीच्या मंडपेश्वर लेण्यांजवळ मठ, मंदिर आणि शिक्षणाची सोय उभारली. मात्र ते मंदिर शैव लेण्यातच थाटले गेले होते, हेही लिहिले पाहिजे. १७३९ नंतर तेथे पुन्हा शिवाची पूजा होऊ लागली. आज लेणी पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहेत आणि वर जुन्या मठाच्या भिंती उघड्यावर उभ्या आहेत. आमच्या पूर्वजांनी हा धर्म कसा स्वीकारला, या प्रश्नाला एका वाक्याचे उत्तर नाही. कोणी उपदेशाने आले, कोणी अनाथ म्हणून मठात वाढले, कोणाला सत्तेची सावली हवी होती आणि कोणाचे देऊळ पाडले गेले होते. श्रद्धा मात्र पुढच्या पिढ्यांनी स्वतःच्या कष्टाने आपली केली. सत्ता गेली, संरक्षण गेले, तरी त्यांनी ती सोडली नाही. म्हणून दोन्ही गोष्टी सांगण्यात आम्हांला संकोच वाटत नाही.

गोराईच्या एका शेतकऱ्याने आमच्यासाठी लोंब्या काढून ठेवल्या होत्या. त्याने पैसे घेतले नाहीत. "देवाच्या कामाला जातात, फादर," तो म्हणाला. किती शेती उरली असे विचारताच त्याने हाताने बांध दाखविले: हा लावलेला, तो पडीक, तो पलीकडचा विकलेला. बाईंनी लोंब्यांची जुडी जुन्या लुगड्याच्या फडक्यात बांधून मांडीवर घेतली आणि दिवसभर खाली ठेवली नाही.

चौकची टेकडी

रिक्षाने आम्ही उत्तरेकडे चौकला गेलो. बेटाचे हे टोक थेट वसईच्या किल्ल्यासमोर येते. मध्ये खाडीचे मुख, पलीकडे झाडीतून दिसणारी तटबंदी. येथे उभे राहिले की हे लहानसे बेट दोन सत्तांना इतके मोलाचे का वाटले, ते कोणी न सांगताही उमगते. ज्याच्या हाती धारावी, त्याच्या हाती वसईला येणाऱ्या गलबतांची वाट. शिवाय याच बेटावरच्या दगडखाणींतला दगड वसईच्या इमारतींना लागला होता. बेटाने किल्ला बांधायला दगड दिला आणि अखेर तोच किल्ला पाडण्यासाठी पायही रोवू दिला.

१७३७च्या वसंतात मराठ्यांनी ठाणे घेतले आणि साष्टीतील पोर्तुगीज सत्ता ढासळली. वसई मात्र दोन वर्षे झुंजली. चिमाजी आप्पांच्या सैन्याने आधी वेसावे आणि मग मार्च १७३९ मध्ये धारावी घेतली, तेव्हा वसईचा समुद्राकडचा श्वास कोंडला. मे महिन्यात सुरुंगांनी तट फुटले आणि किल्ल्याने शरणागती पत्करली. त्या करारात मागे राहणाऱ्या ख्रिस्ती लोकांना आपला धर्म पाळण्याची मोकळीक देणारे कलम होते. वसईच्या चर्चमधील घंटा विजयचिन्ह म्हणून देशावर गेल्या. मेणवलीच्या घाटावर आणि भीमाशंकरला त्या आजही पाहायला मिळतात.

शाळेत असताना आम्हांला या विजयाचा अभिमान शिकविला गेला आणि घरी आजीकडून घंटा गेल्याची हळहळ ऐकायला मिळाली. दोन्ही गोष्टी आमच्याच. मास्तर येथे म्हणाले, "मुलांना हा धडा शिकवताना मी नेहमी अडायचो. 'आपण' म्हणजे कोण, तेच सांगता येईना. मराठे जिंकले म्हणून सांगू, की आपलं देऊळ ओस पडलं म्हणून सांगू?" मग त्यांनी काय सांगितले, असे आम्ही विचारले. "मी त्यांना येथे टेकडीवर घेऊन यायचो. म्हणायचो, तिकडं लढले तेही आपले, इकडं रडले तेही आपले. आता डबे उघडा."

इतिहासाचा इतका नेटका पाठ आम्हांला सेमिनरीतही मिळाला नव्हता.

पोर्तुगीज धर्मगुरू निघून गेले. गोव्याहून आलेल्या देशी धर्मगुरूंनी विखुरलेली माणसे सांभाळली. डिसेंबर १७७४ मध्ये इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला घेतला आणि १७८२च्या सालबाईच्या तहाने साष्टी त्यांच्याकडे कायम झाली. राज्ये तीन वेळा बदलली. भातखाचरांचे बांध मात्र तेथेच राहिले.

उत्तन आणि नावाचा प्रश्न

उत्तनला पोहोचलो तेव्हा ऊन चढले होते. बंदरात होड्या लागल्या होत्या आणि बांबूच्या मांडवांवर थोडे बोंबील वाळत होते. येथले चर्च समुद्राच्या मातेला वाहिलेले आहे. कोळ्यांच्या गावाला याहून योग्य आश्रय कोणता?

उत्तनचे नाव घेताना काका बाप्टिस्टांची आठवण येणे साहजिक आहे. जोसेफ बाप्टिस्टा यांचा जन्म १८६४ साली माझगावच्या म्हातारपाखाडीतला. पण त्यांच्या वडिलांचे गाव हे. टिळकांचे हे सहकारी १९१६ साली होमरूल लीगचे पहिले अध्यक्ष झाले, कामगारांचे पुढारी झाले आणि १९२५ साली मुंबईचे महापौर. १९३० साली ते वारले. उत्तनच्या कोळ्या-कुणब्यांतून निघालेल्या घराण्याचा मुलगा स्वराज्याच्या चळवळीत आघाडीवर होता, हे आपल्या मुलांना शाळेच्या पुस्तकांतून क्वचितच कळते. ते घरीच सांगायला हवे.

आपल्या समाजाला 'ईस्ट इंडियन' हे नाव मिळाले तेही याच काळात, १८८७ साली. व्हिक्टोरिया राणीच्या कारकिर्दीचा तो सुवर्णमहोत्सव होता. गोव्याहून आणि मंगळूरहून येणाऱ्या ख्रिस्ती बांधवांची आडनावे आमच्यासारखीच पोर्तुगीज. तेव्हा नोकरीच्या बाजारात आपली वेगळी ओळख असावी म्हणून येथल्या मूळ रहिवाशांनी कंपनी सरकारच्या नावाशी नाते सांगणारे हे नाव घेतले. पश्चिम किनाऱ्यावरच्या माणसांनी स्वतःला पूर्वेचे म्हणवून घ्यावे, याची गंमत वाटते. पण त्यात एक दुखणेही आहे. ज्यांची गावे होती, त्यांनाच 'आम्ही येथलेच' हे सांगण्यासाठी संस्था स्थापावी लागली. आपल्याच घरी पाहुणे होण्याची सुरुवात तेव्हाच झाली होती.

त्या पाहुणेपणाचे एक उदाहरण अंधेरीला आहे. कोंडिविटे येथे येशूसंघीयांनी १५७९ साली बाप्तिस्मा करणाऱ्या संत योहानाचे चर्च बांधले. १८४० साली साथीच्या रोगाने गाव उजाड झाले आणि धर्मग्राम मरोळला हलले. मोडकळीला आलेली ती वास्तू १९७३ साली स्थापन झालेल्या सीप्झ औद्योगिक क्षेत्राच्या कुंपणात गेली. आता वर्षातून एकदा, परवानगी घेऊन, आत मिस्सा होते. लोक आपल्याच पूर्वजांच्या अंगणात ओळखपत्र दाखवून जातात.

मनोरी

दुपार कलल्यावर आम्ही मनोरीला आलो. ज्या घरात मास्तर-बाई भाड्याने राहत होती, ते घर आता तेथे नाही. त्या जागी सुटीसाठी येणाऱ्यांचा बंगला आहे. विहीर मात्र आहे, तिला लोखंडी जाळी बसविली आहे. बाई जाळीवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "गावात लग्न असलं की उंबराच्या पाण्याचा मेळा या विहिरीवर यायचा," त्या म्हणाल्या. "वाजंत्र्यांमागे बायका गात यायच्या. मला गाणी येत नसत, तर येथल्या म्हाताऱ्यांनी शिकवली."

चहा एका जुन्या विद्यार्थ्याच्या घरी झाला. तोही आता आजोबा आहे. मास्तरांना पाहून तो उठून उभा राहिला आणि बाईंनी सांगेपर्यंत बसला नाही.

मग बाई म्हणाल्या, "आता सिमिटरीत जाऊ या." मास्तर काही बोलले नाहीत.

जुलै १९७४ची ती हकिकत. बाईंच्या परवानगीनेच आम्ही ती येथे लिहीत आहोत. त्यांची पहिली मुलगी आठ महिन्यांची होती. दिवसभर तिला जुलाब होत होते, रात्री अंग थंड पडू लागले. गावात डॉक्टर नव्हता. भाईंदरकडून रस्ता होता, पण त्यावरून नेणारे वाहन गावात नव्हते. उरली होडी. नावाडी भल्या मनाचा. निरोप मिळताच तो धक्क्यावर येऊन उभा राहिला. परंतु ओहोटी लागली होती, खाडीत चिखल उघडा पडला होता आणि वर तुफान पाऊस. समोर मार्व्याचे दिवे दिसत होते. पहाटे पाणी चढेपर्यंत तिघे धक्क्यावरच्या झोपडीत थांबले. होडी खाडीच्या मध्यावर आली तेव्हा मूल गेले. नावाड्याने वल्ही थांबवून विचारले, पुढे की मागे? मास्तर म्हणाले, मागे.

आम्ही धर्मगुरू म्हणून पुष्कळ दुःखे ऐकतो. त्या दिवशी आमच्यापाशी शब्द नव्हते आणि ते शोधण्याचा आम्ही प्रयत्नही केला नाही.

लहान मुलांची थडगी आपल्याकडे फार काळ वेगळी राहत नाहीत. जागा कमी, माती तीच. भिंतीकडेला चाफ्याचे झाड होते, त्याच्या खुणेने मास्तरांनी जागा दाखविली. झाड नव्हते. "चार पावलं इकडं," बाई म्हणाल्या. मास्तर म्हणाले, तिकडे. दोघांत एकमत होईना, तेव्हा बाईंनी मांडीवरचे गाठोडे सोडले, एक लोंबी काढली आणि दोघांच्या जागांच्या मधोमध ठेवली. आम्ही एक 'हे आमच्या बापा' म्हटले. बस्स, एवढेच.

पूल हवा की नको

धक्क्यावर होडीची वाट पाहताना पुलाचा विषय निघाला. तो निघणारच होता. या बेटाभोवती गेली वीस वर्षे योजनांची गर्दी आहे. विशेष आर्थिक क्षेत्राचा प्रस्ताव आला, गावकऱ्यांच्या विरोधापुढे मागे पडला. पर्यटन विकासाचे आराखडे आले. मनोरीला समुद्राचे पाणी गोडे करण्याचा महापालिकेचा प्रकल्प योजला आहे, पहिल्या टप्प्यात रोज २० कोटी लिटर पाण्याचा. सागरी किनारा मार्ग वर्सोव्याहून भाईंदरकडे नेण्याची योजना आहे आणि उत्तनहून विरारला सेतूचीही. यांतून बेटाला काय मिळेल आणि बेटाचे काय जाईल, ही चर्चा प्रत्येक ओट्यावर चालू असते.

मास्तरांचे मत स्पष्ट होते. "पूल आला की शेत गेलं. साष्टीचं काय झालं ते आपण पाहतो आहोत. पुलावरून डॉक्टर येतो हे खरं, पण त्याच्या मागोमाग बिल्डरही येतो."

बाई शांतपणे म्हणाल्या, "आपल्या वेळी दोघांपैकी कोणीच आलं नाही."

मास्तर खाडीकडे पाहत राहिले. हा वाद या दोघांत पन्नास वर्षे चालू असावा आणि प्रत्येक वेळी तो येथेच येऊन थांबत असावा, असे आम्हांला वाटले.

आम्हांला आठवण झाली ती माहीमच्या बांधाची. माहीम आणि वांद्रे यांच्यामधली खाडी अशीच अरुंद आणि अशीच दगाबाज होती. पावसाळ्यात होड्या उलटून माणसे जात. सरकार खर्चाला तयार होईना. तेव्हा सर जमशेटजी जीजीभाई यांच्या पत्नी लेडी आवाबाई यांनी सुमारे दीड लाख रुपये दिले आणि अट घातली की या वाटेवर कोणाकडूनही पथकर घ्यायचा नाही. १८४५ साली बांध खुला झाला. तो एका स्त्रीच्या करुणेने बांधला गेला, यात शंका नाही. त्याच बांधावरून पुढे वांद्रे, खार, सांताक्रूझ, अंधेरी येथली भातखाचरे मुंबईच्या पोटात गेली, यातही शंका नाही. आवाबाईंना यांतले पहिले हवे होते. दुसरे त्यांच्या स्वप्नातही नव्हते.

तेव्हा पुलाविरुद्ध बोलणाऱ्याने आधी त्या रात्रीच्या धक्क्यावर उभे राहावे आणि पुलाच्या बाजूने बोलणाऱ्याने आधी गोराईच्या बांधावर. आम्ही दोन्ही ठिकाणी एकाच दिवशी उभे होतो आणि आम्हांला निकाल देता आला नाही. एवढे मात्र आम्ही म्हणू की बेटावर रात्रंदिवस उघडा असणारा दवाखाना आणि तयार रुग्णवाहिका यांसाठी कोणी पुलाची वाट पाहण्याचे कारण नाही. ते मागण्याचा हक्क बेटावरच्या प्रत्येक आईचा आहे आणि त्या मागणीत आपण अलीकडच्या काठावरच्यांनी आवाज मिळविला पाहिजे. तो न मिळविता नुसते 'तुमचे शेत राखा, आम्हांला आगेऱ्याला लोंब्या लागतात' असे सांगणे बरे दिसत नाही.

लोंब्यांसोबतचा इतिहास

होडी सुटली. मार्व्याचा काठ काही मिनिटांत जवळ आला. खाडीच्या मध्यावर बाईंनी पाण्यात हात बुडविला आणि कपाळाला लावला. मास्तरांनी नावाड्याला विचारले, "ओहोटीला किती वेळ आहे?" "अजून आहे, मास्तर," तो म्हणाला. तो तरुण होता. मास्तरांना त्याने कसे ओळखले, कोण जाणे.

पवित्र शास्त्रात, अनुवादाच्या ग्रंथात, पहिल्या पिकाच्या अर्पणाचा विधी सांगितला आहे. शेतकऱ्याने टोपली घेऊन वेदीपाशी जायचे, आणि ती नुसती ठेवून परतायचे नाही. आपला पूर्वज भटका होता, तो परदेशात उपरा म्हणून राहिला, तेथे त्याने हालअपेष्टा सोसल्या आणि देवाने त्याला ही भूमी दिली, हे सारे मोठ्याने सांगायचे. इतिहास सांगितल्याशिवाय अर्पण पुरे होत नाही. सेमिनरीत हा अध्याय आम्ही शिकलो, परीक्षेतही लिहिला. त्याचा अर्थ मात्र यंदा कळला.

रविवारी लोंब्या वेदीपाशी आणल्या त्या बाईंनी. प्रवचनात आम्ही त्या कोठून आल्या ते सांगितले: कोणत्या बेटावरून, कोणत्या बांधावरून, कोणाच्या हातून, आणि ते बेट कोणकोणत्या राज्यांखाली गेले. मुलाचे आम्ही काही बोललो नाही. मिस्सा संपल्यावर एक तरुण आई आपल्या मुलाला कडेवर घेऊन पुढे आली आणि तिने विचारले, "फादर, पुढच्या वर्षी लोंब्या आणायला आम्हीही येऊ का? याला बेट दाखवायचं आहे."

बाई शेजारीच उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "या ना. पण भरतीची वेळ बघून निघू."